खुलासा: टायर कडेने झिजला म्हणजे अलाइनमेंटच बिघडलं, असं नाही

‘टायरची कड झिजली की अलाइनमेंट करून घ्या’ (म्हणजे चाकांचे कोन नीट करून घ्या) हा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर दोष बहुधा कमी हवेचा. मधला पट्टा झिजला, तर हवा जास्त. हवा थंड टायरमध्येच मोजा. गाडी किमान 3 तास उभी हवी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, आणि नेमकी तिथेच गल्लत होते.

एकच कड झिजली तरच कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टो (वरून पाहता चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) तपासा. टो पाहायला नक्षीवरून तळहात आडवा फिरवा: तो बिघडला असेल तर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागतं. ठिकठिकाणी खळगे दिसले तर शॉक अॅब्झॉर्बर (धक्के शोषणारा भाग) किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का) पाहा. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट (चाकाला धरून ठेवणारे सांधे) ढिले असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

गुन्ह्याच्या तपासाबद्दल ‘टायरच्या ठशावरून गाडी हमखास ओळखता येते’ असं म्हणतात, तेही तसंच अर्धं खरं. नुसती नक्षी जुळणं पुरेसं नाही, कारण एका मॉडेलचे असंख्य टायर असतात. झीज संशय अरुंद करते. पुराव्याला वजन येतं ते चिरा, नक्षीचे तुटलेले ठोकळे, रुतलेले खडे यांच्या जागा जुळल्यावर.