पाषाणची प्रयोगशाळा बंद करून विषाणू थांबणार नाहीत

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. पाषाण, बाणेर, सूस भागातल्या लोकांकडे तर तो दोन-तीनदा येऊन गेला असेल. म्हणणं थोडक्यात असं: करोना प्रयोगशाळेतून निसटला. पुण्यातही, पाषाणच्या प्रयोगशाळेत, तसलेच विषाणू साठवून ठेवलेत. शास्त्रज्ञांवर कुणाचा अंकुश नाही. तेव्हा घातक विषाणूंवरचं संशोधन सरकारने कायद्याने बंद करावं, लागतील त्या लशी आणि किट बाहेरून आणावेत, आणि यापुढे लोकांच्या लगेच उपयोगी पडेल तेवढ्याच संशोधनाला परवानगी द्यावी. खाली सह्यांचं आवाहन.

भीती समजते. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुण्यात ज्यांनी ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्रभर फोन फिरवले, रेमडेसिविरसाठी रांगा लावल्या, त्यांच्या पोटात ‘विषाणूंची लॅब’ ऐकून गोळा येणारच. पण त्या भीतीपोटी आपण नक्की काय मागतोय, हे एकदा नीट बघायला हवं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘करोना लॅबमधूनच आला’

हे सिद्ध झालेलं नाही. प्राण्यांकडून आला की वुहानच्या प्रयोगशाळेतून, हा वाद अजून चालू आहे, आणि चीनने पुरेशी माहिती खुली न केल्यामुळे तो मिटतही नाही. तरी वादापुरतं धरून चालू की निसटला. जंतू निसटण्याचे प्रकार झालेले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९७८ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात, देवीवर संशोधन चालायचं त्याच इमारतीत काम करणाऱ्या एका छायाचित्रकार बाईंना देवीची लागण झाली आणि त्या दगावल्या. देवीने गेलेली ती जगातली शेवटची व्यक्ती. त्यानंतर देवीवरचा अभ्यास बंद झाला नाही. ठिकठिकाणचे साठे नष्ट केले किंवा हलवले, उरलेले अमेरिका आणि रशिया मिळून दोनच ठिकाणी ठेवले, आणि तिथल्या कामावर जागतिक आरोग्य संघटनेची देखरेख आली. अपघातानंतर असा बंदोबस्त करता येतो.

आणि सगळे विषाणू प्रयोगशाळेतून येतात, असं वाटत असेल तर सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापाबद्दल विचारा. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी जंगलात जाऊन तो विषाणू शोधला आणि तो गोचिडांमधून पसरतो हे दाखवलं. हे सेंटर म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, आपली एनआयव्ही. साठेक वर्षांनी तोच ताप सह्याद्री धरून सिंधुदुर्गात आला आणि काजूच्या बागेत, सरपणाला रानात जाणाऱ्यांना धरू लागला. हा विषाणू रानातलाच. आपल्याला तो ओळखता आला, कारण कुणीतरी आधी त्याचा अभ्यास करून ठेवला होता.

‘शास्त्रज्ञांवर कुणाचाच अंकुश नाही’

हे चूक आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ पासून घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठी नियम आहेत. अशा जीवांवर काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते आणि तिच्यावर केंद्राच्या समित्या असतात. माणसांवरच्या औषध-चाचण्यांना २०१९ चे वेगळे नियम आहेत.

पाषाणला एनआयव्हीची जी बीएसएल-४ दर्जाची, म्हणजे जैवसुरक्षेच्या सगळ्यात कडक पातळीची, प्रयोगशाळा आहे, त्या दर्जाच्या जागेत काम कसं चालतं तेही सांगते, कारण मजकुरात ‘कपाटात विषाणू ठेवलेत’ असं लिहिलंय. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत जाते, बाहेर येत नाही. बाहेर सोडायची हवा बारीक गाळण्यांमधून जाते. आत काम करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बंद सूटमध्ये असतो, श्वासाची हवा त्याला नळीने येते. बाहेर पडताना आधी अंगावरच्या सूटलाच रसायनाची अंघोळ. सांडपाणीसुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय गटारात जात नाही.

काही प्रयोगांना लगाम हवाच, हे मीही म्हणते. मुद्दाम विषाणूची लागण होण्याची ताकद वाढवून बघायचे प्रयोग घ्या. फ्लू, सार्स आणि मर्सच्या अशा प्रयोगांचा पैसा अमेरिकी सरकारने २०१४ ते २०१७ रोखून धरला होता, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. आपल्याकडे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा प्रकल्प २०१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात थांबवावा लागला. मुलींच्या पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हा त्यातला गंभीर आक्षेप संसदीय समितीनेही उचलून धरला. तिथे सरकारने हस्तक्षेप करायलाच हवा होता. पण दोन्हीकडे रोख होता तो पद्धतीवर. फ्लूचा किंवा कर्करोगाचा अभ्यासच नको, असं कुणी म्हटलं नाही.

‘कायद्याने बंदी घातली की धोका संपला’

सगळ्यात धोकादायक मुद्दा हा, कारण तो पटकन पटतो. जैविक अस्त्रांवर जगाने १९७२ च्या करारानेच बंदी घातली. सोव्हिएत संघाने त्यावर सही केली आणि काम लपून चालू ठेवलं. १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू हवेत सुटले. वारा ज्या दिशेला होता त्या पट्ट्यातली किमान ६६ माणसं मेली. सरकारने सांगितलं, खराब मांस खाल्लं म्हणून मेली. लष्कराच्या कामामुळे हे घडलं, ही कबुली यायला १९९२ उजाडलं, तीही बोरिस येल्तसिन सत्तेवर आल्यावर. मधली तेरा वर्षं मेलेल्यांच्या घरच्यांना खोटं कारण सांगितलं गेलं.

ती अस्त्रांवरची बंदी योग्यच होती, पण तपासणीची सोय नसल्यामुळे ती कागदावर राहिली. आपल्या मजकुरात सरसकट बंदी मागितली आहे, तपासणीबद्दल चकार शब्द नाही. अशी बंदी आली तर उघड्यावर, नोंदी ठेवून, शोधनिबंध छापून काम करणारे पहिले बंद पडतील. ज्यांना लपूनच करायचंय त्यांचं काय अडणार?

‘लशी आणि किट बाहेरून आणता येतील’

२०२० च्या मार्चमध्ये एनआयव्हीने करोनाचा विषाणू वेगळा केला. त्याच वाणावरून पुढे कोव्हॅक्सिन झाली. तपासणीचं परवानगी मिळालेलं पहिलं देशी किट पुण्याच्याच मायलॅबचं. आणि विकत घेण्यावर विसंबलेल्यांचं काय झालं? २०२१ च्या वसंतात भारताने लशींची निर्यात थांबवली, तेव्हा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीवर अवलंबून असलेले आफ्रिकेतले गरीब देश हात चोळत बसले. त्या रांगेत आपण स्वतःहून जाऊन उभं राहावं, असं हा मजकूर सांगतोय.

‘लगेच उपयोगाचं तेवढंच संशोधन करा’

उपयोग आधी कळत नाही. १९६५ मध्ये नागपूर भागात चांदीपुरा गावातल्या तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला. त्याचं नाव चांदीपुराच पडलं. साधा ताप आणणारा, फारसा त्रास न देणारा. ‘लगेच उपयोग’ विचारला असता तर फाईल तिथेच बंद झाली असती. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांना अचानक मेंदूज्वर होऊ लागला, तीनशेहून जास्त मुलं आजारी पडली आणि त्यातली निम्म्याहून अधिक गेली. कारण चांदीपुरा निघालं. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा तेच झालं, आणि नमुने पुण्यालाच आले.

आपल्या दारातलं उदाहरण हवं असेल तर २०२५ चा जानेवारी आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इथे माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले, काही जण व्हेंटिलेटरवर गेले. जीबीएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो गियान-बारे सिंड्रोम, हे नाव आपण सगळे तेव्हाच शिकलो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आहे हे एनआयव्हीने सांगितलं, आणि पाण्याकडे बोट वळलं. ही चाचणी करायला अनुभवी माणसं गावातच होती.

आता त्या सह्यांबद्दल. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात हार्वर्ड विद्यापीठाला जनुकं जोडण्याच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळा करायची होती. लोक घाबरले, नगर परिषदेने काम काही महिने रोखलं आणि सामान्य नागरिकांची समिती नेमली. त्या लोकांनी शास्त्रज्ञांना बोलावून तासन् तास प्रश्न विचारले आणि अटी घालून परवानगी द्या अशी शिफारस केली. १९७७ मध्ये शहराने तसा नियम केला. आपल्याकडे जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र नियामक आणणारं विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आलं आणि सभागृहाची मुदत संपल्यावर बारगळलं.

पुणेकरांनी सह्या कराव्यात त्या यासाठी: घातक जंतूंवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेचा सुरक्षा-तपासणीचा अहवाल दरवर्षी मराठीत जाहीर करा. छोटा अपघात झाला तरी नोंद लोकांसमोर ठेवा. तपासणी करणारे त्या संस्थेच्या पगारावरचे नसावेत. पाषाण-सूसच्या दोन-चार नागरिकांना समितीत बसवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. असा मजकूर कुणी लिहिला तर सह्या गोळा करायला मी घरोघरी फिरेन.