अपडेट झालं की नाही, एवढंच विचारलं होतं

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं, पोस्टसोबतची जादा माहिती साठवणारं अपडेट_पोस्ट_मेटा हे फंक्शन आणखी कुणाच्या डोक्यात जातं का? माझ्या पार गेलंय. 'की' (त्या माहितीचं नाव) नवीन असेल तर ते मेटा आयडी परत देतं, म्हणजे आकडा. आधीची असेल तर ट्रू. लिहिताना गडबड झाली तर फॉल्स. इथवर ठीक. पण तुम्ही दिलेली व्हॅल्यू आधीपासून तीच असेल, तरीही फॉल्स! रेशन दुकानदाराने नुसतं 'नाही' म्हणून खिडकी लावून घ्यावी तसं. धान्य संपलं, कार्ड चालत नाही, की घरच्या कुणी आधीच उचललंय? तुमचं तुम्ही शोधा.

आणि लोक शोधत नाहीत हो. फॉल्स आलं की एरर दाखवा, एवढं लिहून मोकळे होतात. मग ग्राहक फॉर्ममध्ये काहीच न बदलता सेव्ह दाबतो, लाल पट्टी येते, आणि फोन कुणाला? मला!

टर्म (कॅटेगरी, टॅगसारखं नाव) आहे का ते सांगणारं टर्म_एग्झिस्ट्स तर त्याहून थोर. टर्म नसेल तर नल, म्हणजे काहीच नाही. टॅक्सॉनॉमी (कुठल्या वर्गीकरणातली ते) न सांगता विचारलं तर आयडी, सांगून विचारलं तर अ‍ॅरे, म्हणजे यादी. आयडी म्हणून शून्य दिलं तर शून्य. एवढ्या तऱ्हा, आणि फंक्शनच्या डोक्यावरच्या माहितीच्या कमेंटमध्ये, म्हणजे डॉकब्लॉकमध्ये, रिटर्न टाइपच्या (काय प्रकारचं उत्तर येणार त्याच्या) जागी वर्षानुवर्षं एकच शब्द: 'मिक्स्ड'. खाली परिच्छेदभर खुलासा आहे म्हणे. माणसाने वाचला तर वाचला, टूलला त्याचा काय उपयोग?

नवी पोस्ट घालणारं डब्ल्यूपी_इन्सर्ट_पोस्ट फसलं तर शून्य देतं, पण दुसऱ्या जागी ट्रू पाठवलं असेल तर डब्ल्यूपी_एररचा, म्हणजे चुकीची माहिती देणारा, ऑब्जेक्ट. आणि पीएचपीत (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यात) ऑब्जेक्ट 'इफ'मध्ये ट्रू ठरतो. म्हणजे चूक झाली हे सांगायला आलेलाच 'सगळं छान' म्हणून पुढे सरकतो. धन्य!

मग सरळ कोडमध्येच रिटर्न टाइप लावा की, असं कुणीतरी म्हणेलच. ती सोय पीएचपी ७.० मध्ये, २०१५ सालीच आली. पण 'आकडा किंवा फॉल्स' असा युनियन टाइप लिहायला ८.० लागतं, आणि २०२४ च्या वर्डप्रेस ६.६ ने किमान पातळी वाढवली ती ७.२.२४ पर्यंत. शिवाय शेवटच्या ओळीत फिल्टर बसलेला असतो, म्हणजे प्लगइनांना (वर्डप्रेसला जोडलेल्या प्रोग्रामांना) उत्तर बदलू देणारी जागा. कुठल्या तरी प्लगइनने त्यातून अ‍ॅरेऐवजी नल सोडला की टाइपएरर, साइट आडवी. मूळ क्लासच्या मेथडला रिटर्न टाइप लावला तर ती मेथड त्या टाइपशिवाय ओव्हरराइड करणारं (स्वतःच्या रूपात पुन्हा लिहिणारं) प्रत्येक जुनं प्लगइन फेटल एररने मरतं. हे सगळं मान्य. या बाबतीत जपून चालणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

पण डॉकब्लॉक? ती कमेंट आहे, कमेंट! कोड चालताना पीएचपी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बघतो तो एडिटर आणि पीएचपीस्टॅन, कोड न चालवता चुका शोधणारं टूल. तिथे खरं लिहिल्याने जगात कुणाची साइट पडणार आहे? (वर्डप्रेसच्या नियमांत तर काहीच परत न देणाऱ्या फंक्शनला 'रिटर्न व्हॉइड' लिहायचं नाही. म्हणजे टाइप लिहिलेला नसला की मुद्दाम गाळलाय की राहून गेलाय, याचाही अंदाजच.)

हाच कित्ता गिरवणाऱ्या एका भल्यामोठ्या ओपन सोर्स प्लगइनला मी नुसत्या डॉकब्लॉकच्या दुरुस्त्या पाठवल्या. एका ठिकाणी 'बूल' (ट्रू किंवा फॉल्स) लिहून प्रत्यक्षात स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, येत होती, असले प्रकार. उत्तर काय? बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी, म्हणे जुना कोड मोडायला नको. वर एका महाशयांचं, 'इतकी वर्षं चाललंय ना व्यवस्थित?' व्यवस्थित चाललंय कारण वापरणारा प्रत्येकजण सोर्स उघडून, फंक्शनातून फंक्शनात उतरत, शेवटी नेमकं काय बाहेर पडतं ते स्वतः हुडकतोय. तेच काम, प्रत्येकाने, पहिल्यापासून!

माझी पुल रिक्वेस्ट (त्या दुरुस्त्या घ्या म्हणून केलेली विनंती) अजून तशीच पडलीये. लेबल लावलंय, 'लो प्रायॉरिटी'. आणि त्याच रिपॉझिटरीत नवनवे इश्यू येतायत: सेव्ह होतंय, पण एरर का दाखवतंय?