‘कर्ज भांडवलाहून जास्त? मग ती वीज कंपनी नको’: हा आडाखा कुठे फसतो

गुंतवणुकीच्या गप्पा चालतात तिथे सध्या एक संदेश फिरतोय. ‘वीज कंपनीचं कर्ज पाच मिनिटांत तपासा’ असं शीर्षक आणि खाली पाच सूत्रं. कर्ज-भांडवल गुणोत्तर १ च्या वर असेल तर कंपनी टाळा. कर्ज दरवर्षी वाढत असेल तर कंपनी आतून पोखरली जातेय. नफा व्याजाच्या तिपटीहून जास्त असेल तर निर्धास्त राहा. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढणं म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. आणि शेवटचं, वीज सगळ्यांनाच लागते, म्हणून वीज कंपनी बुडत नाही.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण यातलं एकही सूत्र जसंच्या तसं वापरण्याजोगं नाही, आणि तिसरं न् पाचवं तर सरळ खड्ड्यात नेणारी आहेत. वीज कंपनीच्या बाबतीत कर्ज किती, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. ते कर्ज शेवटी कोणाच्या बिलातून फिटणार, आणि दर ठरवणारा नियामक ते फिटू देणार का, हा पहिला.

पहिलं सूत्र घेऊ. १ ची मर्यादा कारखानदारीतून उचललेली दिसते. तिथे मागणी कधी वर कधी खाली, मालाची किंमत बाजाराच्या हातात, म्हणून कर्ज बेताचंच बरं. तारा, उपकेंद्रं आणि रोहित्रं यांच्या धंद्याचं तसं नसतं. मालमत्ता तीस-चाळीस वर्षं टिकते आणि दर ठरतो तो मान्य खर्च अधिक मान्य परतावा या हिशोबाने. त्यात किती कर्ज धरायचं हेही बहुतेक ठिकाणी नियामकच सांगतो. भारतात केंद्रीय वीज नियामक आयोग दर ठरवताना कर्ज आणि भांडवल ७०:३० धरतो, म्हणजे गुणोत्तर २.३३. कोणी ३० टक्क्यांहून जास्त भांडवल घातलंच, तर वरचा भाग कर्ज समजूनच हिशोब होतो, त्यावर भांडवलाचा परतावा मिळत नाही. ब्रिटनचा नियामक वितरण कंपन्यांसाठी ६० टक्के कर्ज गृहीत धरतो. म्हणजे नियामकाचं तंतोतंत ऐकणारी कंपनी या संदेशाच्या पहिल्याच चाळणीत नापास.

उलट बाजू जास्त बोलकी आहे. कॅलिफोर्नियातली पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, म्हणजे पीजी अँड ई. तिथल्या नियामकाने तिच्यासाठी ५२ टक्के भागभांडवल मान्य केलेलं होतं, म्हणजे संदेशाची चाळणी ती साधारण पार करते. २०१९ उजाडेपर्यंत रेटिंगही, म्हणजे कर्ज फेडण्याच्या पतीला मिळणारी श्रेणी, गुंतवणूकयोग्य होतं. २९ जानेवारी २०१९ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मारलं ते ताळेबंदातल्या कर्जाने नाही. २०१७ आणि २०१८ च्या वणव्यांच्या भरपाईचा अंदाज ३० अब्ज डॉलरच्या वर गेला होता, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा असा की कंपनीच्या तारेमुळे आग लागली असेल तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई तिच्या माथी. कर्ज-भांडवल गुणोत्तरात हा धोका कुठल्या ओळीत दिसला असता?

रेटिंग देणाऱ्या संस्था या गुणोत्तराला किती किंमत देतात तेही बघण्यासारखं आहे. नियंत्रित वीज आणि गॅस कंपन्यांसाठी मूडीजने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कर्ज आणि भांडवल मिळून होणाऱ्या एकूण रकमेत कर्ज किती, या मापाचं वजन साडेसात टक्के आहे. नियामक चौकट कशी आहे याला २५ टक्के, आणि खर्च वेळेवर वसूल होऊन परतावा मिळतो का याला आणखी २५. निम्मे गुण कंपनीच्या वह्यांबाहेरच्या गोष्टींना.

दुसरं सूत्र, कर्ज दरवर्षी वाढतंय. वाढणारच. वीज कंपनी जाळं वाढवते तेव्हा खर्चाचा मोठा वाटा कर्जाने उभा राहतो, आणि ज्या मालमत्तेवर परतावा मिळतो ती मालमत्ताही त्याच वेगाने वाढते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत. मात्र एक सापळा खरा आहे. कर्ज आज वाढतं, पण प्रकल्प सुरू होईपर्यंत त्याचा पैसा बिलात येत नाही. न्यू हॅम्पशायरच्या पब्लिक सर्व्हिस कंपनीचं हेच झालं. सीब्रुकच्या अणुप्रकल्पात तिचा मोठा हिस्सा होता, आणि प्रकल्प चालू होईस्तोवर त्याचा खर्च ग्राहकांकडून घ्यायला राज्याचा १९७९ चा कायदा मनाई करत होता. बांधकाम रेंगाळलं, व्याज साचत गेलं, १९८८ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरी पत्करली. सीब्रुकला पूर्ण परवाना मिळाला १९९० मध्ये. वरातीमागून घोडं. तेव्हा वाढत्या कर्जाला विचारायचं ते एवढंच की बाबा रे, तू कमवायला कधी लागणार?

आता तिसरं, ज्याच्यावर मला सर्वांत जास्त राग आहे. नफा व्याजाच्या तिप्पट असेल तर निर्धास्त.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. आकडे कोटींत धरा. कर्ज ४,०००, भागभांडवल आणि राखीव निधी मिळून ६,०००. गुणोत्तर ०.६७, पहिल्या परीक्षेत उत्तम. नफा-तोटा पत्रकात व्याज आणि कर यांच्या आधीचा नफा १,२००, व्याज २४०. पाचपट. संदेश म्हणतो, झोपा शांत.

झोपण्याआधी टिपा उघडू, म्हणजे ताळेबंदामागे बारीक अक्षरात असतात त्या. पहिली टीप व्याजदराची. ४,००० वर ९ टक्क्यांनी ३६० होतात, मग पत्रकात २४० कसे? उरलेले १२० बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाच्या किमतीत मिसळलेत. हिशोबाच्या नियमांना धरूनच, यात लबाडी नाही. पण बँकेने मागितले ३६० आणि दिलेही ३६०. दुसरी टीप महसुलाची. त्यातले ५०० अजून कोणी दिलेलेच नाहीत. इंधन महागलं, वाढीव खर्च मान्य झाला, पण एकदम दरवाढ नको म्हणून ती पुढे ढकलली, आणि ‘पुढच्या वर्षांत वसूल होईल’ या भरवशावर तो फरक उत्पन्न म्हणून आजच धरला. ताळेबंदात तो नियामक मत्ता या नावाने बसलाय. येईलही कधीतरी. पण तोवर इंधन पुरवणाऱ्याचं बिल भागवायला कंपनीने खेळत्या भांडवलाचं कर्ज काढलंय.

आता पुन्हा भागाकार. १,२०० मधून ५०० गेले, उरले ७००. भागिले ३६०. जेमतेम १.९४. पाचपट होतं त्याचं दुपटीच्याही आत आलं, आणि एकही आकडा लपवलेला नव्हता.

रोकडीने बघितलं तर चित्र आणखी स्वच्छ होतं. करानंतरचा नफा ७२०, त्यात घसारा, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी लिहिलेला पण रोख न गेलेला खर्च, ४०० मिळवला की १,१२०. कर्जाच्या २८ टक्के, झकास. त्यातून न आलेले ५०० आणि प्रकल्पाच्या किमतीत जिरवलेलं व्याज १२० वजा करा. उरतात ५००, म्हणजे साडेबारा टक्के. मूडीजच्या नेहमीच्या कोष्टकात गुंतवणूकयोग्य गटाची सर्वांत खालची पायरी १३ ते २२ टक्के अशी आहे. ही कंपनी त्या उंबरठ्याच्या बाहेर.

तिच्या शेजारी दुसरी उभी करू. कर्ज ५,५००, भांडवल ४,५००, गुणोत्तर १.२२, म्हणजे संदेशाप्रमाणे बाद. नफा ५००, घसारा ४९०, सगळी बिलं वसूल झालेली, अर्धवट प्रकल्प नाही. ९९० भागिले ५,५००, बरोबर १८ टक्के. त्याच पायरीच्या मध्यावर आरामात. कर्ज देणाऱ्याने कोणाला द्यावं?

रोकड आणि कर्ज यांचं हे प्रमाण हाताने काढायला पाच मिनिटं पुरत नाहीत, अर्धा तास लागतो. शिवाय ‘कर्ज’ या रकान्यात काय काय धरायचं हाही घोळ असतोच. २५ वर्षं वीज घ्या किंवा न घ्या, ठरावीक स्थिर आकार भरलाच पाहिजे असा वीजखरेदी करार केला, तर त्याचा भार हप्त्यासारखाच. निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी, अणुभट्टी बंद झाल्यावर ती मोडून काढण्याचा खर्च, उपकंपनीसाठी दिलेल्या हमी, अर्धं कर्ज अर्धं भांडवल अशा जातीचे रोखे. ही सगळी मंडळी ‘कर्जे’ या ओळीत मिळणार नाहीत, शोधून आणावी लागतात.

चौथ्या सूत्रावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांची वाहिनी, दहा वर्षांचा रोखा. मधे तीन वेळा नवं कर्ज काढावंच लागणार, आणि जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या वीज कंपन्या तेच करतात. बघायचं ते मुदती कशा पसरल्यात हे. पाचातली तीन मोठी कर्जं एकाच वर्षी परत करायची असतील, किंवा बराच भाग बदलत्या व्याजदराचा असेल आणि नियामक वाढीव व्याज दोन वर्षांनी मान्य करत असेल, तर मात्र जपून. लाभांश उसन्या पैशातून वाटला जातोय का, हेही रोकड प्रवाहाच्या पत्रकात दोन ओळींत कळतं.

संदेशात एक गोष्ट मुळीच नाही, आणि ती नसल्याचं मला आश्चर्य वाटलं. कर्ज कितव्या मजल्यावर आहे? खाली वीज वाहणारी, नियामकाच्या देखरेखीखालची कंपनी. वर तिचे शेअर बाळगणारी होल्डिंग कंपनी. वरच्या कंपनीकडे ना तारा ना ग्राहक, तिचं व्याज फिटतं ते खालून येणाऱ्या लाभांशातून. नियामकाने लाभांश अडवला की वरचा मजला कोरडा. एकत्रित ताळेबंद वाचणाऱ्याला हे मजले दिसतच नाहीत. मी स्वतः एकदा खालच्या कंपनीचे आकडे वाचून वरच्या कंपनीचे रोखे भक्कम ठरवले होते, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

टेक्सासचं उदाहरण याला चपखल. २००७ मध्ये केकेआर, टीपीजी आणि गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक संस्थांनी टीएक्सयू ही वीज कंपनी सुमारे ४५ अब्ज डॉलरला घेतली, बहुतेक उसन्या पैशावर. पैज अशी होती की नैसर्गिक वायू महागच राहील, म्हणजे विजेचा घाऊक भावही चढा राहील. खडकांच्या थरांतून काढलेला शेल वायू आला, भाव कोसळले, आणि एनर्जी फ्यूचर होल्डिंग्ज असं नवं नाव घेतलेला हा गट एप्रिल २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याच गटात ऑन्कॉर ही तारांची कंपनी होती. तिच्याभोवती आधीच कुंपण घालून ठेवलं होतं. संचालक मंडळ वेगळं, पैसा वेगळा, वरच्यांचं कर्ज तिच्या गळ्यात नाही. ती दिवाळखोरीच्या बाहेर राहिली आणि २०१८ मध्ये सेम्प्रा या ऊर्जा कंपनीने तिचा सुमारे ८० टक्के हिस्सा ९.४५ अब्ज डॉलरला घेतला. एकाच घरातला वरचा मजला कोसळला आणि खालच्या मजल्यावर दिवे चालू. या दोघांना एकच कर्ज-भांडवल गुणोत्तर लावून काय कळणार होतं?

आता पाचवं, वीज सगळ्यांना लागते म्हणून कंपनी बुडत नाही. मागणी असणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीजी अँड ई २०१९ च्या आधीही एकदा, एप्रिल २००१ मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. तेव्हा मागणी भरपूर होती, तेच तर दुखणं होतं. घाऊक बाजारात वीज कैक पटींनी महागली आणि ग्राहकांचा दर गोठवलेला. विकलेल्या प्रत्येक युनिटमागे तोटा.

इथे कोणी म्हणेल, खासगी कंपनीचं सोडा, सरकारी कंपनीला सरकार वाचवतंच. वाचवतं, पण कोणाला? फ्रान्सची ईडीएफ बघा. २०२२ मध्ये पाइपांना गेलेल्या तड्यांमुळे तिच्या बऱ्याच अणुभट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी सरकारने ग्राहकांची दरवाढ ४ टक्क्यांवर रोखली, आणि स्पर्धक कंपन्यांना २० टेरावॅट-तास जास्तीची वीज मेगावॅट-तासाला ४६.२ युरो या ठरवून दिलेल्या दराने द्यायला लावली. उत्पादन घटलेलं, त्यामुळे बाजारातून चढ्या भावाने घेऊन स्वस्तात द्यायची वेळ आली. व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा नफाच सुमारे ५ अब्ज युरोने उणे झाला, आणि वर्षअखेर निव्वळ कर्ज ६४.५ अब्ज युरो. कव्हरेज, म्हणजे नफा व्याजाच्या किती पट हे, काढायला भागाकार करण्यातही अर्थ उरला नव्हता. सरकारने २०२३ मध्ये संपूर्ण कंपनी ताब्यात घेतली. रोखेधारकांचा एकही हप्ता चुकला नाही. २००५ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांनी जो शेअर ३२ युरोला घेतला होता, त्याचे त्यांना १२ युरो मिळाले.