निदान आधी की गाणे आधी?

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला एड्सचे निदान नेमके केव्हा झाले, या एका प्रश्नावरून बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी रात्री जो वाद पेटला, तो चहाच्या दोन फेऱ्या होऊनही मिटला नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८) या त्याच्यावरच्या चित्रपटात तो 'लाइव्ह एड' या मदतनिधीसाठीच्या मैफलीच्या तालमीत आपला आजार 'क्वीन'मधल्या साथीदारांना सांगतो आणि मग १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर जीव ओतून गातो. त्याच्या सहवासातल्या माणसांच्या सांगण्यानुसार हे निदान झाले ते १९८७ च्या सुमारास. म्हणजे वेम्ब्लीवरची ती वीस-एकवीस मिनिटे गाजवणाऱ्या माणसाच्या हातात तेव्हा असा कोणताही अहवाल पडलेला नव्हता.

"सव्वादोन तासांत अख्खा जन्म बसवायचा म्हटल्यावर थोडं मागंपुढं होणारच की," असे गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या आमच्या मित्राचे म्हणणे होते. १९७७ चे 'वी विल रॉक यू' चित्रपटात १९८० साली जन्माला येते, त्याने कोणाचे काय बिघडले, असेही त्याने विचारले, आणि तेवढ्यापुरते ते मला पटले. गाण्याचे साल तीन वर्षांनी सरकल्याने त्या गाण्यामागचे कारण बदलत नाही. निदान सरकवले की मात्र कारणच बदलते: पंधरा वर्षे मंचावर घालवून कमावलेली ताकद मृत्यूच्या भीतीच्या खाती जमा होते आणि प्रेक्षक गाणे ऐकण्याऐवजी रोग्याचे कौतुक करू लागतो.

यावर अण्णांनी, म्हणजे आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी, कुमार गंधर्वांचे नाव काढले. ते निघणारच होते, कारण कुमारांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा. क्षयाने कुमारांना अंथरुणाला खिळवले, काही वर्षे गाणे बंद राहिले, देवासला पडल्यापडल्या माळव्याची लोकगीते कानांवर येत राहिली आणि पुढे जे गाणे बाहेर आले ते निराळेच होते. मग आजारपणातून कला घडते हे दाखवले तर त्यात वावगे काय, असा अण्णांचा सवाल. "अण्णा, तुम्ही माझंच म्हणणं मांडताय," असे मी म्हणालो. कुमारांच्या बाबतीत आधी आजार, मग मौन आणि मग नवे गाणे, हा क्रम घडलेला आहे, म्हणूनच त्याला अर्थ आहे. उद्या कोणी हा क्रम उलटा करून दाखवला, तर बेळगावात त्याला कोणी तरी सोडील काय? अण्णा हसले, पण कबूल काही झाले नाहीत.

खरे तर मर्क्युरीच्या आयुष्यातही असा खरा क्रम हाताशी होता. निदानानंतर तो साथीदारांबरोबर काम करत राहिला, फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांचा 'इन्युएन्डो' हा अल्बम आला, त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. ही वर्षे चित्रपटात पडद्यावरच्या चार ओळींत उरकली आहेत. पाचगणीच्या शाळेत तो शिकला, तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला, त्या दिवसांचेही एक दृश्य नाही. ते असते तर आमच्या कट्ट्याने अर्धे गुन्हे माफ केले असते, हा भाग वेगळा.

मला अधिक खटकते ती दुसरी फिरवाफिरव. चित्रपटात मर्क्युरी एकट्याच्या अल्बमचा करार करतो, त्यामुळे बँड फुटतो आणि त्याला साथीदारांची माफी मागावी लागते. वास्तविक ड्रमवादक रॉजर टेलरचा स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच आला होता, गिटारवादक ब्रायन मे यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका १९८३ मध्ये, आणि मर्क्युरीची पाळी आली थेट १९८५ मध्ये. बँड फुटलाही नव्हता. 'लाइव्ह एड'च्या दोनच महिने आधी चौघे मिळून जपानात कार्यक्रम करत होते. याच मे आणि टेलर यांचा चित्रपटाच्या निर्मितीत हात होता. मृत मित्राच्या कथेत दोष त्याच्याच पदरात पडावा आणि क्षमा करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे असावे, हा योगायोग मला तरी फार सोयीचा वाटतो.

"मग सिनेमा काढायचा कुणी? मेलेला माणूस येऊन काढणार काय?" असे कीबोर्डवाल्याने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मी त्याला गायक एल्टन जॉनवरच्या 'रॉकेटमॅन' (२०१९) या चित्रपटाची आठवण करून दिली. दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांना काढून टाकल्यावर मर्क्युरीचा चित्रपट ज्या डेक्स्टर फ्लेचर यांनी पुरा केला, तेच त्याचे दिग्दर्शक, आणि कार्यकारी निर्मात्यांत खुद्द एल्टन जॉन. तिथेही सालांची सरमिसळ आहेच, गाणी तर वाटेल तिथे येतात. पण दारू, कोकेन आणि संताप यांचा कबुलीजबाब नायक स्वतःच्या तोंडाने देतो, आणि ज्याच्यावर हे आरोप आहेत तो हयात असून त्याने ते पडद्यावर राहू दिले आहेत. मर्क्युरीच्या वतीने कबुली दिली ती इतरांनी, आणि तीही त्याने न केलेल्या गुन्ह्याची. कीबोर्डवाल्याला हे अजून मान्य नाही; मर्क्युरी साकारणाऱ्या रामी मालेकला ऑस्कर उगाच मिळाले काय, एवढेच तो म्हणत राहिला.