पिन अडकली

परवाच्या शनिवारी कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये मी टेबलाखाली डीजेगिरी केली. टेबलाखाली म्हणजे अक्षरशः टेबलाखाली. वर मरून रंगाची मखमल, मखमलीवर भाड्याने आणलेला टर्नटेबल, शेजारी पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन (नवाकोरा, घासून जुना केलेला). आणि मखमलीच्या आत, गुडघ्यांच्या उंचीवर, माझे दोन सीडी प्लेअर आणि मिक्सर. कुणाची तरी साठी होती आणि 'थीम' होती रेट्रो. इव्हेंटवाल्या मुलीने आल्या आल्या बजावलं, "काका, तुमचं ते सीडीचं फोटोत यायला नको हं. रेकॉर्ड फिरताना दिसली पाहिजे."

काका म्हणाली, ते दुःख वेगळंच. पण मी म्हटलं, मग रेकॉर्डच वाजवू की, मला येतं. तर म्हणे छे, तो टर्नटेबल फक्त शोला आहे. बघितलं तर खरंच होतं. मागच्या तांबड्या-पांढऱ्या वायरी गुंडाळून त्यांना रबर बँड लावलेला. भाडेवाल्याने खबरदारी म्हणून सुई काढून घेतलेली. दांडी लिव्हरने उचलून रेकॉर्डच्या वर बोटभर अधांतरी ठेवलेली. रेकॉर्ड लेबल सोललेली, कुठल्या तरी बँडवादनाची असावी. ती आपली निमूट गरगरत होती.

पहिलं गाणं लावलं, लताबाईंचं, जुनं, संथ. आणि तिथे नाना आले.

नाना म्हणजे उत्सवमूर्तींचे साडू. सत्तरीचे, झब्बा कडक इस्त्रीचा, हात पाठीमागे बांधलेले. ते टर्नटेबलपुढे येऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि मान डोलवू लागले. एक अंतरा झाल्यावर डोळे उघडून म्हणाले, "वा! याला म्हणतात आवाज. अहो, उबदार! सीडीत ही ऊब नाही. सीडी म्हणजे नुसता कोरडेपणा."

मी मखमलीखालून एक हात काढून नमस्कार केला. दुसरा हात सीडीवर होता.

"आम्ही रेडिओ सिलोन ऐकलेली माणसं," नाना म्हणाले. "आमच्या कानाला फसवता येत नाही. आवाजाला कसा गोलावा आलाय बघा."

गोलावा मी आणला होता. हॉलचे स्पीकर चिरके होते म्हणून मिक्सरवर बास थोडा चढवून ट्रेबल उतरवला होता. हे नानांना सांगायची सोय नव्हती, कारण इव्हेंटवाली मुलगी दोन खुर्च्या पलीकडून माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. नानांना आता श्रोतेही मिळाले. दोन भाचेसुना आणि वेफर्स खाणारा एक मुलगा. त्यांना ते खाचा म्हणजे काय, सुई त्या खाचांतून कशी जाते, हे समजावू लागले, त्या दांडीकडे बोट दाखवून. दांडी आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये जो उजेड दिसत होता तो एकालाही दिसला नाही.

आता माझं म्हणणं ऐका. मला रेकॉर्डचा राग नाही. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका हॉटेलच्या डिस्कोत मी रेकॉर्डवरच हात बसवला. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० टर्नटेबल, १९७२ साली निघालेला, पट्ट्याशिवाय थेट मोटरवर फिरणारा, अगदी दगडासारखा यंत्रराज. खाली निसटती फेल्टची चकती, वर रेकॉर्ड, एका कानाला हेडफोन. पहिला ठोका सापडेपर्यंत रेकॉर्ड बोटाने मागेपुढे करायची, व्हूप-व्हूप, आणि चालू गाण्याच्या समेवर सोडून द्यायची. उजेडात तिरकी धरली की गाणं कुठे दाट आहे आणि कुठे नुसता ठेका, हे खाचांच्या रंगावरून वाचता यायचं. सीडीत काही वाचता येत नाही. सीडी तिरकी धरली की स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि तो रात्री दीड वाजता बघण्यासारखा नसतो.

पण रेकॉर्डचा क्रेट उचलायचा कुणी? पन्नास-साठ एलपी म्हणजे बारा-पंधरा किलो, असे तीन क्रेट, आणि परतीची पहिली लोकल. माझी कंबर अजूनही पावसाळ्यात त्या क्रेटांची आठवण काढते. शिवाय लोक नाचायला लागले की जमीन हादरायची आणि सुई उडायची. म्हणजे पार्टी रंगली की गाणं बिघडणार, ही त्यातली गोम. आणि हिंदी सिनेमाची जुनी गाणी! ऐंशी वादक एका खोलीत बसून प्रत्यक्ष वाजवायचे, लय माणसांची, अंतऱ्याला जरा पुढे, मुखड्याला जरा मागे. अशी दोन गाणी एकमेकांत मिसळायची तर पिचच्या, म्हणजे रेकॉर्डचा वेग कमी-जास्त करायच्या, पट्टीवरून बोट काढायची सोय नाही. तीही पट्टी जेमतेम आठ टक्के वरखाली. पूर्ण वर नेली तर काळी एकचं गाणं पांढरी दोनच्याही पुढे सरकतं आणि भारदस्त गायक शाळकरी पोरासारखा वाटायला लागतो.

मग सीडीचे प्लेअर आले. पायोनियर कंपनीचा पहिला सीडीजे, म्हणजे डीजेंसाठीचा सीडी प्लेअर, १९९४ चा, आणि २००१ साली सीडीजे-१०००, ज्याची चकती रेकॉर्डसारखी हाताने फिरवता यायची. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा गाणं थांबवल्यावर सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाचा तुकडा 'टर्रर्र' करत राहिला आणि मला वाटलं बिघडलं. तर तो नेमका ठोका शोधायला मदत करत होता! लय बदला, सूर जागचा हलत नाही. सुई नाही, म्हणून उडायची भीती नाही. आणि अख्खा क्रेट एका चेनच्या पाकिटात. त्या पाकिटातल्या सीड्यांवर माझ्या अक्षरात मार्करने लिहिलेलं आहे, 'वरात जोरात', 'जेवण हळू', 'सासू-सुना', 'दहाच्या आत'. (रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद. शेवटची दहा मिनिटं सगळ्या वऱ्हाडाला एकदमच नाचायचं असतं.)

पण सीडीला मान नाही तो नाहीच. टेक्निक्सने २०१० मध्ये तो टर्नटेबल बंद केला तेव्हा जगभर हळहळ. २०१६ मध्ये परत काढला, किंमत अशी की आधी खुर्चीत बसून वाचावी, तरी लोक खूष. आणि २०२० मध्ये सीडीजे-३००० आला. नावात सीडी आहे, अंगात सीडी घालायची फटच नाही. कुणाच्या डोळ्यात टिपूस नाही. पोरं म्हणतात, सीडी? पेनड्राइव्ह नाही का तुमच्याकडे? म्हातारे म्हणतात, सीडी? रेकॉर्ड नाही का तुमच्याकडे? मध्ये वीस-पंचवीस वर्षं या महाराष्ट्रातली लग्नं, मुंजी आणि डोहाळजेवणं कुणी नाचवली हो?

असो. इकडे फोटोग्राफरला लाइटसाठी जागा हवी होती. त्याने टेबलामागचा प्लग काढला. नशिबाने माझा नाही, टर्नटेबलचा. रेकॉर्ड हळू होत होत थांबली. गाणं चालूच. मी मखमलीखाली श्वास रोखला. वेफर्सवाला मुलगा म्हणाला, "आजोबा, हे थांबलं."

नानांनी थांबलेल्या रेकॉर्डकडे बघितलं. स्पीकरकडे बघितलं. आणि म्हणाले, "बघितलंस? जुन्या मशीनला दम असतो. आतमध्ये साठवून ठेवतं ते."

पुढे खरा प्रसंग आला. सीडी पंधरा-सोळा वर्षांची, घासलेली. दुसऱ्या अंतऱ्यात अडकली. "दिल का-का-का-का-का." सगळा हॉल वळला. मी पुढच्या ट्रॅकचं बटण चाचपडतोय तोवर नाना गरजले, "पिन अडकली! थांबा, कुणी हात लावू नका!" खिशातून रुपयाचं नाणं काढलं, त्यावर फुंकर मारली, आणि सुई नसलेल्या, अधांतरी, न फिरणाऱ्या रेकॉर्डवरच्या दांडीच्या टोकावर ते अलगद ठेवलं. त्याच क्षणी मला बटण सापडलं. नवं गाणं खणखणीत सुरू झालं.

टाळ्या! हॉलभर टाळ्या. उत्सवमूर्ती व्यासपीठावरून उठून उभे राहिले. एक मावशी तर म्हणाल्या, "आमच्याकडे पण पिनवर वजन यायला असंच नाणं ठेवायचे, चार आण्याचं." नानांनी मान झुकवून स्वीकार केला आणि मग खाली वाकून मला म्हणाले, "तुमच्या पिढीला हे ठाऊक नसणार." मी पन्नाशी ओलांडलेली आहे.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण निघताना पाकीट मिळालं आणि त्याबरोबर चुकून इव्हेंटवाल्यांचा हिशेबाचा कागदही हातात आला. 'टर्नटेबल, शोपीस, १ नग' यापुढे चार हजार. 'डीजे' यापुढे साडेतीन. त्यातून 'जेवण १' वजा. जेवण म्हणजे पंगत उठल्यावर उरलेला मसालेभात आणि गार झालेली जिलबी, तीही वायरी गुंडाळता गुंडाळता. सुई नसलेल्या मशीनला माझ्यापेक्षा पाचशे रुपये जास्त, आणि त्याचं जेवण कापलेलं नाही.

पार्किंगमध्ये नानांनी गाठलंच. "कार्ड द्या तुमचं. रेकॉर्डवाला माणूस हल्ली मिळत नाही. माझ्या माळ्यावर ट्रंकभर रेकॉर्डी आहेत, दोनशे तरी असतील. मुलगा म्हणतो भंगारात द्या. त्या सगळ्या पेनड्राइव्हवर घालून द्याल?"

"सीडीवर देऊ का?" मी म्हटलं. खोडच.

"छे! सीडी कोण ऐकतं आता? पेनड्राइव्हच. गाडीत लागतो. आणि हो, ती खरखर तेवढी काढून टाका."

एक एलपी म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाऊण तास. ती रेकॉर्ड करताना घाई करता येत नाही, शेजारी बसून ऐकावी लागते. मी मनातल्या मनात दोनशेचा गुणाकार करत होतो.

"पाच रुपये ठीक आहेत ना?" नाना म्हणाले. "एका रेकॉर्डचे. दोन्ही बाजू धरून."