फुलदांड्यावर पाने फुटली म्हणून ऑर्किड मरत नसते

घरी फॅलेनॉप्सिस ऑर्किड बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. फुलाच्या दांड्यावर कळ्यांऐवजी पाने दिसू लागली की झाड मरणपंथाला लागले असे समजावे. दांड्यावर उगवलेले ते नवे रोप, म्हणजे पिल्लू, मूळ झाडाचा रस ओढून घेते, म्हणून दांडा त्याच दिवशी बुडातून छाटावा. पिल्लू वाचवायचेच असेल तर कापून, हळद लावून मातीत लावावे. आणि अशा पिल्लाला निराळ्या रंगाची फुले येतात, असा त्याचा आशय आहे. यांपैकी पहिल्या विधानात तथ्याचा लहानसा अंश आहे, आणि बहुधा त्याच्याच जोरावर बाकीची तीन विधाने खपून जातात.

उसाच्या कांडीला जशी पेरे आणि पेरावर डोळा, तशीच रचना या दांड्याची असते. प्रत्येक पेरावर कागदासारखे पातळ, त्रिकोणी खवले असते आणि त्याखाली एक डोळा निजलेला असतो. वरच्या पेरांवर कळ्या धरतात. खालचे डोळे एरवी तसेच राहतात, पण जागे झाले तर त्यांतून फुलांची फांदीही निघू शकते किंवा पाने-मुळे असलेले रोपही. कोणते निघेल हे ठरवण्यात तापमानाचा वाटा मोठा असतो. हवा सतत २८ अंशांच्या वर राहिली तर फॅलेनॉप्सिस सहसा दांडाच धरत नाही, ती साधारण २५ अंशांच्या खाली उतरली की धरते. आणि कोवळा दांडा पुन्हा उष्णतेत सापडला तर फुलाकडे निघालेली वाढ पानांकडे वळू शकते. पुण्यात माझ्या पूर्वेकडच्या बाल्कनीतील पांढऱ्या फॅलेनॉप्सिसने जानेवारीच्या थंडीत दांडा धरला होता. मार्चअखेर, दुपारी पारा ३६ च्या पुढे जाऊ लागला तेव्हा, खालून तिसऱ्या पेरावरचे खवले फाटून हिरवे टोक वर आले. कळी असेल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली, पण ते टोक फुगण्याऐवजी चपटे होत गेले आणि त्याची समोरासमोर दोन पाने झाली. झाडाला काहीही झालेले नव्हते. फिलिपाइन्समधील फॅलेनॉप्सिस लुडेमानियाना ही जाती तर निसर्गतःच दांड्यावर अशी पिल्ले सहज देते. अशा पिल्लाला बागकामात ‘केईकी’ म्हणतात आणि हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ मूल असा आहे.

आता तथ्याचा अंश. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो. पानांच्या बेचक्यात पाणी साचून तो कुजला, तर झाड उरलेले डोळे जागे करते आणि पिल्ले बुडाशी किंवा दांड्यावर येतात. क्वचित दांडा पानांच्या बगलेतून न येता थेट शेंड्यातूनच निघतो. तेव्हा त्या खोडाची पाने येणे तिथेच थांबते, तरीही बुडाशी नवे पिल्लू धरून झाड बहुधा पुढे चालू राहते. म्हणजे पिल्लू हे संकटाचे कारण नव्हे, आणि प्रत्येक वेळी त्याचे लक्षणही नव्हे. निदान करायचे तर शेंडा आणि मुळे पाहावीत. शेंडा घट्ट हिरवा असेल आणि रुपेरी मुळे पाणी दिल्यावर हिरवी होत असतील, तर काळजीचे कारण नाही. शेंडा काळा पडून मऊ झाला असेल, मुळे दाबल्यावर पोकळ लागत असतील, तर चिंता अवश्य करावी. पण अशा वेळी ते पिल्लू हीच झाडाची उरलेली आशा असते आणि मजकूर नेमके तेच छाटायला सांगतो.

रस ओढून घेण्याची गोष्टही अर्धवट आहे. पिल्लू सुरुवातीला मूळ झाडावर पोसले जाते हे खरे, परंतु त्याला स्वतःची हिरवी पाने असतात आणि मुळे सुटली की त्याचा भार झपाट्याने कमी होतो. दांडा हिरवा असताना छाटण्याची घाई एरवीही नडते. बेलिना, कॉर्नु-सर्वी यांसारख्या जाती एकाच दांड्यावर हंगामामागून हंगाम फुलतात. त्यांचा दांडा कापणे म्हणजे पुढचा बहर हाताने तोडणे होय.

मातीचा सल्ला मात्र सर्वांत घातक. आपल्याकडे आमरी हे रानातले ऑर्किड आंब्याच्या खोडावर मुळे उघडी ठेवून जगते हे कोकणात सर्वांनी पाहिलेले असते; फॅलेनॉप्सिसही मुळात झाडावरच वाढणारी. तिच्या मुळांना हवा लागते आणि दाबून भरलेल्या ओल्या मातीत ती कुजतात. पिल्लाला दोन-तीन पाने आणि पाच-सात सेंटिमीटर लांबीची मुळे येईपर्यंत ते दांड्यावरच राहू द्यावे. मग दोन्ही बाजूंना थोडा दांडा ठेवून कापावे आणि झाडाच्या सालीचे तुकडे किंवा शेवाळ (स्फॅग्नम मॉस) भरलेल्या लहान कुंडीत बसवावे. हळद लावायचीच तर दांड्याच्या कापलेल्या टोकापुरती. मुळांना तिची गरज नाही.

रंगाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पिल्लू बीजातून आलेले नसते, ते मूळ झाडाचाच तुकडा असते, त्यामुळे एखादा अपवादात्मक बदल सोडला तर फूलही तेच येते. याच गुणाच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठातील गॅविनो रोटर यांनी १९४९ साली फुलदांड्याच्या पेरांपासून निर्जंतुक बाटलीत रोपे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. माझ्या बाल्कनीतील पिल्लू अजून फुललेले नाही, पण फुलेल तेव्हा ते पांढरेच असेल.