भाजीगत बंदूक

आमच्या सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने उगवतो. अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी ‘सुप्रभात’च्या फुलांआधी तो हजर. मजकूर थोडक्यात असा : ‘अमेरिकेत बंदूक भाजीसारखी मिळते. कायदाच नाही, कारण तो त्यांच्या घटनेतला हक्क. घरोघरी बंदूक. रोज कुठल्या तरी शाळेत पोरं मरतात आणि तिथल्या लोकांना तेच हवंय. आपली पोरंही तिकडे जाऊन पिस्तूल घ्यायला लागलीत. आपल्याकडे बंदूक नव्हती आणि नाही, आपल्या घटनाकारांना असला वेडेपणा सुचलाही नाही. सुज्ञ पालकांनी विचार करावा.’

या वेळी तो वाचून समोरच्या वहिनी लेकीला पाठवायचंच नको म्हणायला लागल्या. तिचा प्रवेश झालाय, तिकीट काढायचं बाकी आहे. म्हणून लिहायला बसले. अमेरिकेचे बंदुकीचे कायदे मलाही ढिलेच वाटतात, हे आधी सांगून टाकते. पण कायदा ढिला असणं वेगळं आणि नसणं वेगळं.

तर, भाजी. परवाना असलेल्या दुकानात गेलात तर ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरायचा, ओळखपत्र द्यायचं. मग दुकानदार केंद्रीय यंत्रणेकडून नावाची तपासणी करून घेतो. ही पद्धत १९९८ पासून चालू आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला, बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेला, अशांना विक्री नाही. या दुकानांत रायफलीसाठी वय १८ लागतं, पिस्तुलासाठी २१. नवी मशीनगन तर १९८६ पासून सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. घटनेतल्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने हक्क दिला हे खरं. पण २००८ मध्ये तो व्यक्तीचा हक्क आहे असं सांगतानाच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमर्याद नाही असंही म्हटलं. फॉरवर्डात ते दुसरं वाक्य कधी येत नाही.

खरी गोम पुढेच आहे. तपासणीचं उत्तर तीन कामाच्या दिवसांत आलं नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊन मोकळा होऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल याच फटीतून मिळालं होतं. दुसरी फट याहून मोठी. दुकानदार नसलेल्या माणसाने आपली जुनी बंदूक त्याच राज्यातल्या दुसऱ्याला विकली, तर केंद्रीय कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यांनी हे बंद केलं, टेक्सासने नाही. माझा भाचा डॅलसला असतो. तो सांगतो, दुकानांच्या दारावर ‘बंदूक घेऊन आत येऊ नये’ अशा पाट्या असतात, आपल्याकडे ‘चपला बाहेर काढाव्यात’ असते तशा. टेक्सासात २०२१ पासून बहुतेक प्रौढांना पिस्तूल बाळगून फिरायला परवानाच लागत नाही. आणि ज्या राज्यातल्या एडिसन गावात आपली माणसं भरपूर आहेत, त्या न्यू जर्सीत बंदूक विकत घेण्याआधी बोटांचे ठसे देऊन पोलिसांकडून वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. तेव्हा ‘अमेरिकेत’ म्हणजे नेमकं कुठे, हे आधी सांगा.

बरं, एका राज्याने कडक कायदा केला म्हणून भागतं का? शिकागोत पोलिसांना सापडणाऱ्या बंदुकांपैकी बऱ्याच शेजारच्या इंडियानातून आलेल्या असतात. महाराष्ट्रात गुटखा बंद आहे आणि कर्नाटकाची हद्द इथून किती लांब आहे, एवढं ठाऊक असलेल्या सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही.

‘आपली पोरंही पिस्तूल घ्यायला लागलीत.’ वहिनी, हे तुमच्यासाठी. शिक्षणाच्या एफ-वन किंवा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याला तिथे बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. शिकारीचा परवाना काढलेला असणं असे मोजके अपवाद आहेत, पण तुमची लेक झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते.

घरोघरी? प्यू या अमेरिकन पाहणी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. देशात नागरिकांच्या हाती बंदुका मात्र माणसांपेक्षा जास्त आहेत : २०१७ चा अंदाज ३९ कोटी ३० लाखांचा. म्हणजे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे ढीगभर, आणि निम्म्याहून जास्त घरांत एकही नाही.

शाळांबद्दल हलक्या हाताने लिहिता येत नाही. २०१२ मध्ये सँडी हूकला २० मुलं गेली, २०२२ मध्ये युवाल्डीला १९. पण फॉरवर्ड वाचून वाटतं की तिथे बंदुकीने मरणारे सगळे असेच मरतात. २०२३ मध्ये अमेरिकेत ४६,७२८ माणसं बंदुकीने गेली. त्यातल्या २७,३०० आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. ना कॅमेरे, ना ब्रेकिंग न्यूज. घरातल्या कपाटातली बंदूक आणि एक वाईट रात्र. मुलांच्या बाबतीतही शाळेपेक्षा घर आणि गल्ली जास्त घातक ठरते. आपल्याला इथून दिसत नाही ते हे, कारण त्याचा व्हिडिओ येत नाही.

‘लोकांना तेच हवंय’ हेही पटत नाही. पाहण्यांमध्ये निम्म्याहून जास्त अमेरिकन कायदे अजून कडक करा म्हणतात. सँडी हूकनंतर एप्रिल २०१३ मध्ये तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, आला. बाजूने ५४ मतं पडली, लागत होती ६०. मोठं राज्य असो की छोटं, सिनेटर दोनच. बहुमत असून हरणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं कळतं.

(ग्रुपवर एकाने उलट बाजूने स्वित्झर्लंड काढलं : ‘काय बे, तिथं घरटी रायफल हाय, गुन्हे शून्य.’ घरटी नाही. सैन्यसेवेतले लोक रायफल घरी ठेवतात, तीही २००७ पासून बहुतेकांना काडतुसांशिवाय. सेवा संपल्यावर ती ठेवायची तर परवाना काढावा लागतो.)

आता ‘आपल्याकडे बंदूक नाही’. नागरिकांच्या हातातल्या एकूण बंदुकांत, त्याच २०१७ च्या अंदाजाप्रमाणे, भारत जगात दुसरा आहे : सुमारे ७ कोटी ११ लाख, त्यातल्या परवान्याच्या जेमतेम ९७ लाख. दरडोई आपण अमेरिकेच्या जवळपासही नाही, हे मान्य. पण ‘नाही’ कसं म्हणता? लग्नात हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, ती काय अमेरिकन वऱ्हाडासाठी?

आणि घटनाकारांना सुचलं नाही, हे तर सोलापुरात बसून कुणी म्हणूच नये. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला बिनपरवाना हत्यार बंद केलं, तो अपमान पुढाऱ्यांच्या मनात घर करून होता. मे १९३० मध्ये या गावावर लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला, आणि नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात होता. गांधींच्या काँग्रेसच्या ठरावात! पुढे घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क घालण्याची सूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सुचलं होतं, बोललं गेलं होतं, आणि विचार करून बाजूला ठेवलं गेलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांनी फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. काकांकडे वडिलोपार्जित बारा बोअर आहे, रीतसर परवान्याची. दसऱ्याला तिला झेंडूचा हार असतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत ती पोलीस ठाण्यात जमा होती, तेव्हा त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं म्हणे. निकालानंतर परत मिळाली, त्या संध्याकाळी सोफ्यावर बसून, ती मांडीवर आडवी घेऊन त्यांनी फोटो टाकला. बत्तीस जणांनी अंगठा दिला. त्यात माझाही आहे.